गुंटूरची मंडळी बरकतपुऱ्यात

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस हैदराबाद शहराच्या इतिहासात दोन विरुद्ध दिशांच्या प्रवासाचा दिवस होय. निजामाच्या जुन्या राज्याचे त्या दिवशी तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला मिळाले, कानडी मुलूख म्हैसूरकडे गेला आणि तेलंगणाचा मोठा भाग आंध्रशी जोडला जाऊन आंध्र प्रदेश हे नवे राज्य अस्तित्वात आले. काचीगुड्याच्या स्टेशनावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत सामानसुमान चढवून औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या कचेऱ्यांत रुजू होण्यासाठी निघालेले मराठी कारकून आणि शिक्षक यांची आठवण मराठी वाचकांच्या मागच्या पिढ्यांना होती. त्याच सुमारास समोरच्या दिशेने दुसरा एक लोंढा शहरात येत होता. १९५३ पासून आंध्र राज्याची राजधानी कर्नूल येथे होती व १९५४ पासून त्याचे उच्च न्यायालय गुंटूर येथे भरत असे. राजधानी आणि न्यायालय ही दोन्ही आता हैदराबादेस हलली. त्यांच्या मागोमाग फायली आल्या, फायलींच्या मागोमाग कारकून, आणि कारकुनांच्या मागोमाग त्यांची बिऱ्हाडे आली. या बिऱ्हाडांपैकी काहींच्या ट्रंकांमध्ये तेलुगू बायबल, तेलुगू गीतांचे पुस्तक आणि मार्टिन लूथरची लहान प्रश्नोत्तरी असे. काचीगुडा, नारायणगुडा आणि नल्लाकुंटा यांच्या मधोमध वसलेल्या बरकतपुऱ्यासारख्या मध्यमवर्गीय पेठेत लूथरन मंडळी कशी दिसू लागली, या प्रश्नाचे पहिले उत्तर असे सरकारी बदलीच्या हुकमात सापडते.

ही गोष्ट विशेष आहे. हिंदुस्थानातील बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास एखाद्या परदेशी मिशनरीच्या आगमनापासून सुरू होतो. अहमदनगरच्या मराठी मंडळ्यांचा इतिहास असाच १८३१ मध्ये तेथे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून लिहिला जातो. हैदराबादेतील लूथरन लोकांना मात्र या शहरात कोणी मिशनऱ्याने आणले नाही. ते ख्रिस्ती म्हणूनच आले. तेही तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. त्यांचा मिशनरी आला होता तो गुंटूरला, एकशे चौदा वर्षे आधी. म्हणून बरकतपुऱ्याची कथा समजून घ्यावयाची तर प्रथम कृष्णेच्या काठी जाणे अवश्य आहे. आणि थोडे त्याच्याही मागे.

लूथर हा जर्मनीतील ऑगस्तीन संघाचा संन्यासी व विटेनबर्ग विद्यापीठातील अध्यापक. १५१७ मध्ये त्याने क्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध पंचाण्णव विधाने मांडली आणि त्यातून पश्चिमेकडील ख्रिस्ती जग दुभंगले. मनुष्य आपल्या पुण्यकर्मांच्या हिशेबाने देवापुढे नीतिमान ठरत नसून केवळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे ठरतो, हे त्याच्या शिकवणीचे मर्म. या मुद्द्यावर रोमन कॅथलिक सभा आणि लूथरन मंडळ्या यांचे भांडण चारशे ऐंशी वर्षे चालले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे उभयतांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा निदान या एका प्रश्नावरील जुने परस्परधिक्कार मागे पडले. लूथरच्या शिकवणीला व्यावहारिक अंगही होते. सामान्य माणसाने धर्म आपल्या भाषेत वाचावा, ही त्याची इच्छा. त्याने बायबल जर्मन भाषेत आणले व १५२९ मध्ये घरातील वडिलांनी मुलांना शिकवावी अशी लहान प्रश्नोत्तरी लिहिली.

ही प्रश्नोत्तरी तेलुगू देशात पोहोचण्याआधीच तेलुगू भाषेत छापली गेली होती, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. ९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शौ हे दोन जर्मन तरुण तामीळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरले. त्यांच्या मागून १७१९ मध्ये आलेला बेंजामिन शुल्त्झ हा पुढे मद्रासेस राहू लागला. मद्रासच्या रस्त्यांवर तामिळाइतकीच तेलुगू कानावर पडे, आणि बाजारात व शिपायांच्या वस्तीत दक्षिणी हिंदुस्थानीही. शुल्त्झने या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. १७४३ मध्ये तो जर्मनीस परतला आणि हाले नगरीत त्याने तेलुगू अक्षरांचे खिळे वापरून छोटी पुस्तके छापविली; लूथरची प्रश्नोत्तरी त्यांत होती. तेलुगूतील आरंभीच्या छापील पुस्तकांत त्यांची गणना होते. त्याच शुल्त्झने हिंदुस्थानी भाषेचे व्याकरणही लॅटिनमध्ये लिहिले. हैदराबादच्या गल्ल्यांत आजही ऐकू येणाऱ्या दख्खनीशी अगदी जवळचे नाते असलेली ती भाषा एका लूथरन मिशनऱ्याने अठराव्या शतकात व्याकरणात बसविली होती. मात्र शुल्त्झच्या पुस्तकांनी तेलुगू मुलखात मंडळी उभी राहिली नाही. पुस्तक जाऊन पोहोचते, पण वाचणाऱ्याच्या शेजारी बसणारा कोणी लागतो.

तो माणूस आला १८४२ मध्ये. योहान ख्रिस्तियन फ्रेडरिक हायर हा १७९३ मध्ये जर्मनीतील हेल्मश्टेट येथे जन्मला व लहानपणीच नातेवाइकांकडे अमेरिकेत गेला. पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यापाड्यांत घोड्यावरून हिंडत उपदेश करण्यात त्याची उमेद गेली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पत्नीच्या निधनानंतर, त्याने हिंदुस्थानात जाण्याचे पत्करले. बोस्टन बंदरातून ऑक्टोबर १८४१ मध्ये निघालेला हा मनुष्य सिलोन व मद्रासमार्गे ३१ जुलै १८४२ रोजी गुंटूर येथे पोहोचला. तेथील कलेक्टर हेन्री स्टोक्स याने त्याचे स्वागत केले व राहण्याची सोय केली.

गुंटूर जिल्हा तेव्हा एका भयंकर आपत्तीतून नुकता डोके वर काढीत होता. १८३२-३३ च्या दुष्काळात तेथील लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला होता. गावेच्या गावे ओस पडली होती आणि कृष्णेवर बेझवाड्याचे धरण बांधले जाण्यास अजून दहा-बारा वर्षांचा अवकाश होता. अशा प्रदेशात हायरने प्रथम काढल्या त्या शाळा. १८४६ च्या सुमारास तो अमेरिकेस परतला तो विसाव्यासाठी असे कोणास वाटले असते. पण चोपन्न वर्षांच्या या गृहस्थाने बाल्टिमोर येथे वैद्यकाचा अभ्यास पुरा करून पदवी घेतली आणि तो पुन्हा गुंटुरास आला. १८४९ मध्ये त्याने आपला मुक्काम पलनाडात, गुरजाला येथे हलविला. पलनाड हा खडकाळ, उन्हाने भाजून निघालेला, हैदराबाद संस्थानच्या सीमेस लागलेला प्रदेश. तेथेच मंडळीने खरे मूळ धरले.

कोणामध्ये धरले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुंटूरच्या शाळांत वरच्या जातींची मुले इंग्रजीसाठी येत, परंतु बाप्तिस्मा घेणारे बहुतेक माला आणि मादिगा या गावकुसाबाहेरील जातींचे होते. माला शेतमजुरी व विणकाम करीत, मादिगा कातडी कमावीत. दोघांनाही गावाच्या विहिरीस हात लावता येत नव्हता. आणि, हेही लिहिलेच पाहिजे, दोघे एकमेकांनाही शिवत नव्हते. मिशनची शाळा ही त्यांच्या मुलांसाठी उघडलेली पहिली शाळा होती. शेजारच्या ओंगोल भागात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बॅप्टिस्ट मिशनने ३ जुलै १८७८ या एका दिवसात दोन हजार दोनशे बावीस लोकांना बाप्तिस्मा दिला. लूथरन मिशनच्या भागातही त्या दशकांत कुटुंबेच्या कुटुंबे, वाड्याच्या वाड्या मंडळीत आल्या. हे लोक पोटासाठी आले, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई व आजही घेतला जातो. पोट हे कारण होतेच. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे आक्षेपकांनी सांगावे. पण केवळ पोटासाठी आलेला माणूस दुष्काळ सरल्यावर परत जातो. येथे बहुसंख्य लोक राहिले, त्यांनी मूठमूठ तांदूळ बाजूस काढून शिक्षकाचा पगार भागविला आणि मुलास अक्षरओळख होईल तितके दिवस त्याला गुरांमागे पाठविले नाही. जातीची भिंत मात्र मंडळीच्या दारात पूर्णपणे पडली असे नाही. माला वस्तीतील देऊळ आणि मादिगा वस्तीतील देऊळ हा भेद पुष्कळ गावांत दीर्घकाळ टिकला.

हायरची तिसरी खेप सर्वांत चमत्कारिक आहे. गोदावरीकाठच्या राजमहेंद्री येथे १८४५ मध्ये उत्तर जर्मनीच्या मिशनने काम सुरू केले होते. ते पाच-सहा वर्षांतच अमेरिकन लूथरनांकडे आले. पण अमेरिकेतील यादवी युद्धाने पैसा आणि माणसे दोन्ही आटली. गुंटुरास एरियस उनांग्स्ट नावाचा मिशनरी काही काळ जवळजवळ एकटाच खिंड लढवीत राहिला. शेवटी राजमहेंद्रीचे ठाणे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीस देऊन टाकण्याचे ठरत आले. तेव्हा, १८६९ मध्ये, शहात्तर वर्षांचा हायर पेनसिल्व्हेनियाच्या सभेत उभा राहिला आणि आपण जातो म्हणाला. प्रवासाची पिशवी त्याच्या हातातच होती, असे सांगतात. त्या वर्षाच्या अखेरीस तो राजमहेंद्रीस पोहोचला, नव्या मिशनऱ्यांच्या हाती काम सोपवून १८७१ मध्ये परतला आणि १८७३ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फिया येथे वारला. आंध्रातील लूथरन लोक त्याला ‘फादर हायर’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळीत ‘फादर’ ही उपाधी सहसा नसते, म्हणून तिचे मोल अधिक.

दुसरे नाव एका स्त्रीचे आहे. डॉक्टर ॲना सेरा कूग्लर १८८३ मध्ये गुंटुरास आल्या, तेव्हा त्यांना पाठविणाऱ्या मंडळाने त्यांची नेमणूक डॉक्टर म्हणून केलीच नव्हती. जनान्यातील स्त्रियांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. कूग्लरबाईंनी शिकविलेही, पण औषधांची पेटी त्यांनी दूर ठेवली नाही. उच्च वर्णाच्या घरी त्यांच्या हातचे औषध घेतले तर विटाळ मानला जाई. हळूहळू दवाखाना झाला आणि १८९७ मध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उघडले. १९३० मध्ये गुंटूर येथेच त्यांचा अंत झाला. या रुग्णालयात आणि त्याच्यासारख्या इतर मिशन रुग्णालयांत तेलुगू ख्रिस्ती मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. पुढे हैदराबादच्या दवाखान्यांत ‘सिस्टर’ म्हणून ज्या स्त्रिया शहराला परिचित झाल्या, त्यांतील पुष्कळजणींच्या शिक्षणाची मुळे कृष्णा-गोदावरीच्या दुआबातील अशा रुग्णालयांत आहेत. १८८५ मध्ये गुंटूरला कॉलेज निघाले, तेच आजचे आंध्र ख्रिश्चन कॉलेज. कारकून, शिक्षक, परिचारिका: मंडळीने तीन पिढ्यांत जी माणसे घडविली, ती अशी होती. शेतमजुराच्या नातवाला सरकारी कचेरीत टेबल मिळाले, म्हणूनच त्याची हैदराबादेस बदली होऊ शकली.

१९१८ मध्ये अमेरिकेतील लूथरन संस्था एक झाल्या, त्यामुळे गुंटूर आणि राजमहेंद्री ही दोन स्वतंत्र मिशने जवळ आली. १९२७ मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्च ही स्वतःची घटना असलेली मंडळी स्थापन झाली आणि १९४४ मध्ये तिला पहिले भारतीय अध्यक्ष लाभले.

आता प्रश्न असा की, पलनाड हा निजामाच्या सीमेला खेटून असताना लूथरन मिशन कृष्णा ओलांडून पलीकडे का गेले नाही? याचे कारण मिशनांच्या आपापसांतील वाटणीत आहे. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम करू नये, असा संकेत प्रॉटेस्टंट संस्थांनी पाळला होता. हैदराबाद संस्थानात मेदक वेस्लियन मेथडिस्टांकडे, हनमकोंडा अमेरिकन बॅप्टिस्टांकडे, दोर्नकल अँग्लिकनांकडे आणि राजधानीत अमेरिकन मेथडिस्ट व अँग्लिकन, अशी विभागणी झालेली होती. रोमन कॅथलिकांच्या शाळाही शहरात होत्या. या नकाशात लूथरनांना जागा नव्हती. नकाशा मिशनऱ्यांनी आखला होता. तो पुसला सरकारी नोकरीने.

१९५६ नंतर आलेल्या लूथरन कुटुंबासमोर एक सोपा मार्ग होता. जवळचे कोणतेही प्रॉटेस्टंट देऊळ गाठावे. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेस अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केले होते, आणि मेदक व दोर्नकल हे त्याचेच धर्मप्रांत. तेलुगू उपासना तेथेही होती. गीतांची पुस्तकेही बव्हंशी एकच, कारण एकोणिसाव्या शतकातील पुरुषोत्तम चौधरी यांच्यासारख्या कवींची तेलुगू ख्रिस्ती कीर्तने सर्वच पंथांत गायिली जातात, जशी आपल्याकडे नारायण वामन टिळकांची पदे सर्व मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. मग वेगळी मंडळी का? लूथरन त्या ऐक्यात सामील झाले नव्हते. बिशपांच्या परंपरेला किती महत्त्व द्यावे आणि प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या सान्निध्याविषयी काय कबूल करावे, या प्रश्नांवर १९४८ पासून पुढे पुष्कळ वर्षे दोघांमध्ये बोलणी झाली. बरेच मतैक्यही झाले. ऐक्य झाले नाही. १९७० मध्ये नागपुरास उत्तर भारतातील मंडळ्या एक झाल्या, तेव्हाही लूथरन बाहेरच राहिले.

पण बरकतपुऱ्याच्या कारकुनाने आउग्सबर्गच्या विश्वासांगीकाराची कलमे तोलून निर्णय घेतला असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. परगावी गेलेल्या माणसाला आपल्या गावचा क्रम हवा असतो. वेदीवरील मेणबत्त्या, पाळकांचा झगा, ठरलेल्या उपासनाविधीची तेलुगू वाक्ये, पाळकांना ‘अय्यगारू’ म्हणण्याची रीत, पीक घरी आल्यावरचा कापणीचा सण, हे सारे गुंटूर-राजमहेंद्रीचे होते. शहरातल्या भाड्याच्या खोलीत पीक कसले येणार? तरीही सण साजरा करावयाचा. काचीगुड्यातील मराठी मंडळींनी गणेशोत्सव, शाळा आणि ग्रंथालय ज्या ओढीने जपले, तीच ओढ ही. मुलामुलींच्या सोयरिकी जुळविणे, वारलेल्या माणसाला आपल्या पद्धतीने मूठमाती देणे, नव्याने आलेल्याला खोली मिळवून देणे, ही शहरातील मंडळीची कामे कोणत्याही घटनेत लिहिलेली नसतात. मंडळी टिकते ती मात्र याच कामांवर. १९६४ मध्ये राजमहेंद्री येथे लूथरन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आदींनी मिळून काढलेले आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज पुढील दशकाच्या आरंभी हैदराबादेस आले, तेव्हा पाळक होऊ पाहणारे तरुणही बरकतपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या टँकबंडाखालच्या परिसरात राहू लागले.

या मंडळीचे शहरातील जीवन निर्वेध नव्हते. पहिली अडचण कायद्याची. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकमाने हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना त्या सूचीबाहेर ठेवले. शिखांचा समावेश १९५६ मध्ये व बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. आंध्र प्रदेशाने धर्मांतरित ख्रिस्ती लोकांना मागासवर्गाच्या ‘क’ गटात एक टक्का जागा दिल्या. परिणाम असा की, एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी एक दाखल्यावर हिंदू व दुसरा ख्रिस्ती असेल तर दोघांचे भवितव्य वेगळे होई. दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरे, अशी ओढाताण ज्यांनी सोसली त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पाहिजे तर कायद्याला काय म्हणावे तेही ठरवावे. दुसरी अडचण घरातली. मालमत्ता आणि निवडणुका यांवरून आंध्रातील लूथरन मंडळीत जे तट पडले ते न्यायालयांपर्यंत गेले. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी आणि इमारती हे वरदान होते की ओझे, याविषयी त्या मंडळीतच दोन मते आहेत.

तिसरी अडचण नावाची. ‘मुल्की’ आणि बाहेरचा, हा भेद हैदराबादेत जुना आहे. मराठी माणसांनीही तो निजामाच्या काळी अनुभवला होता. १९६९ मध्ये तेलंगणाचे आंदोलन पेटले, तेव्हा सरकारी नोकऱ्यांत आलेल्या आंध्रवाल्यांविरुद्ध रोष होता आणि उस्मानिया विद्यापीठाच्या अगदी जवळची ही पेठ त्या धगीपासून अलिप्त राहणे शक्यच नव्हते. ‘आंध्र’ हा शब्द ज्या मंडळीच्या नावातच आहे, तिने अशा शहरात रविवारी दार उघडावयाचे होते.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाले. हैदराबाद दहा वर्षे दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी राहील असे ठरले होते; ती मुदत २ जून २०२४ रोजी संपली. आंध्रची नवी राजधानी अमरावती ही गुंटूर जिल्ह्यातच, कृष्णेच्या काठी योजली गेली आणि २०१६ पासून तेथील वेलगपुडी येथे सचिवालयाचे काम सुरू झाले. आंध्र सरकारच्या नोकरीतील माणसांना पुन्हा बदलीचे हुकूम मिळाले. ज्यांचे आजोबा गुंटूरचे न्यायालय हलले म्हणून हैदराबादेस आले होते, त्यांतील काही नातू आता आठवडाभर गुंटूरकडे राहू लागले. रविवारी बायकामुले बरकतपुऱ्यात, आणि आपण आजोबांच्या जुन्या देवळात. बाकीचे इथेच राहिले. त्यांची मुले आपसांत दख्खनी बोलतात आणि उपासनेत तेलुगू गातात.